सैतान नायक असलेली मालिका आणि जेवणाच्या ताटावरचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. वडगाव शेरीत राहणाऱ्या एका आईचा मुलगा नववीत आहे, मुलगी पाचवीत. मुलगा गेले दोन महिने एक इंग्रजी मालिका बघतोय. तिच्यात सैतान हाच रुबाबदार, हजरजबाबी आणि मनाने चांगला नायक आहे, आणि देव म्हणजे लेकरांना टाकून गेलेला बाप. एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "देव प्रीती आहे म्हणता, मग त्याने नरक कशाला केला? आणि सैतानाचं नेमकं चुकलं काय?" वडील ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी घरातलं वायफाय बंद झालं. पाळकसाहेब म्हणाले, दुष्टाला घरात दार उघडून देऊ नका. आजीच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही. मुलाने संडे स्कूलला येणं बंद केलंय. धाकटीने भावाच्या मोबाईलवर भुताच्या सिनेमातली काळ्या झग्यातली सिस्टर पाहिली, तेव्हापासून ती एकटी झोपत नाही. आईने विचारलंय, बंदी घालू की बघू देऊ?

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

मी पुण्यात २७ वर्षं संडे स्कूल शिकवते आणि गेली १६ वर्षं आईवडील आणि वाढत्या वयाची मुलं यांच्याबरोबर समुपदेशक म्हणून बसते. तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्हाला सगळ्यात भयंकर वाटली, तीच वाचून मला धीर आला. तुमचा मुलगा जेवताना, सगळ्यांच्या देखत बोलला. ज्यांच्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती मुलं निराळी असतात. ती प्रार्थनेला डोळे मिटतात, वचनं तोंडपाठ म्हणतात, दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या विधीच्या दिवशी पांढरे कपडे घालून रांगेत उभी राहतात, आणि विसाव्या वर्षी शांतपणे निघून जातात. त्यांचे आईवडील माझ्यासमोर बसून म्हणतात, "कधी एका शब्दाने बोलला नाही हो." तुमचा बोलला. त्याला अजून वाटतंय की या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात मिळेल. ते वाटणं टिकवणं हे तुमचं पहिलं काम. मालिकेचं काय करायचं ते त्यानंतर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००६ साली माझी थोरली तेरा वर्षांची होती. जादूच्या शाळेतल्या मुलांची जाडजूड पुस्तकं तेव्हा सगळ्या वर्गात फिरत होती. मी तिच्या दप्तरातून ते पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर रद्दीत टाकलं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातलं जादूटोण्याबद्दलचं वचन वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, आणि मला वाटलं विषय संपला. नऊ वर्षांनी तिने मला सांगितलं की पुस्तक तिने मैत्रिणीकडे वाचून पूर्ण केलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुढे ती म्हणाली, "त्याच वर्षी आजोबा गेले. आपण सगळ्यांनी चाळीस दिवस प्रार्थना केली होती ना ते बरे व्हावेत म्हणून. मला विचारायचं होतं की देवाने ऐकलं का नाही. पण वाटलं, तू हेही रद्दीत टाकशील." ती नऊ वर्षं मला परत मिळाली नाहीत. म्हणून तुमच्या यजमानांना, ते ताटावरून उठले त्याबद्दल मी दोष देत नाही. मी त्याच जागी उभी होते.

आता मालिकेकडे येऊ. मुलाबरोबर बसून तिचा एक भाग बघा. तो सांगेल तो भाग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये थांबवून प्रवचन द्यायचं नाही, तोंडाने च् च् करायचं नाही, मोबाईल हातात घ्यायचा नाही. संपल्यावर विचारा, "यातलं तुला सगळ्यात काय आवडलं?" आणि उत्तर ऐका. बहुतेक मुलं सांगतात की तो खोटं बोलत नाही, किंवा त्याला कोणी समजून घेत नाही, किंवा त्याच्या बापाने त्याला बोलायची संधीच दिली नाही. चौदा वर्षांचा मुलगा हे सांगतो तेव्हा अर्धं तो मालिकेबद्दल बोलत असतो आणि अर्धं स्वतःबद्दल. त्या दुसऱ्या अर्ध्याकडे कान द्या.

मग पवित्र शास्त्र उघडा, पण त्याला हरवायला नाही. या मालिकेने जे 'बायबलमधलं' म्हणून घेतलंय त्यातलं बरंचसं बायबलमध्ये नाहीच, आणि हे मुलांना शोधायला फार आवडतं. मी वर्गात हा तास घेते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. 'लुसिफर' हे नावच घ्या. यशयाच्या पुस्तकात १४ व्या अध्यायात बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाची टर उडवणारं एक गीत आहे, आणि हे बाबेलच्या राजाविषयी आहे असं चौथ्या ओवीत स्पष्ट लिहिलंय. बाराव्या ओवीत त्या राजाला पहाटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. हिब्रूत शब्द आहे 'हेलेल'. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने शास्त्र लॅटिनमध्ये आणलं तेव्हा त्याने तिथे 'लुसिफर' लिहिलं, म्हणजे प्रकाश आणणारा, शुक्रतारा. साधा शब्द होता. तोच लॅटिन शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या एकोणिसाव्या ओवीत येतो, आणि तिथे तो तारा विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणात उगवतो. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात तर प्रभू येशू स्वतःलाच पहाटेचा तेजस्वी तारा म्हणतो. सैतानाचं नाव म्हणून 'लुसिफर' रूढ झालं ते पुढच्या परंपरेने आणि कवींनी.

दुसरी गोष्ट म्हणजे सैतान नरकाचा राजा. ही कल्पना चित्रांतून आणि काव्यांतून आली. शास्त्रात सैतान नरकावर राज्य करत नाही, त्याच्याच वाट्याला शिक्षा येते. प्रकटीकरण २०:१० मुलाला स्वतःला वाचू द्या. मत्तय २५:४१ मध्ये तो अग्नी सैतानासाठी आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे असं प्रभू म्हणतो. तुमच्या मुलाने विचारलेल्या 'नरक कशाला केला' याच्याशी हे वाक्य थेट भिडतं. याने प्रश्न पुरता सुटत नाही, आणि सुटला असं सोंगही आणू नका. नरक म्हणजे नेमकं काय यावर ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या थोर शिक्षकांतही एकमत नव्हतं. "मलाही हे पूर्ण कळलेलं नाही, पण ज्याने वधस्तंभावर आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली त्याच्या हाती हा न्याय आहे एवढं मला कळतं," असं आईने म्हटलं तर मुलाचा विश्वास ढळत नाही. आई आपल्याला फसवत नाही, हे मात्र त्याला पक्कं कळतं.

खरा धागा मला त्या टाकून गेलेल्या बापात दिसतो. लेखकांनी ती कथा उगाच नाही निवडली. देव गप्प का राहतो, हा प्रश्न शास्त्रात त्यांच्याआधी कितीतरी वेळा विचारला गेलाय, आणि त्यांच्यापेक्षा कठोर शब्दांत. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजाडत नाही, तरीही ते उपासनेत म्हणण्यासाठी जपून ठेवलं गेलं. आणि "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे २२ व्या स्तोत्रातलं वाक्य खुद्द प्रभूच्या तोंडी वधस्तंभावर आलं. तुमच्या मुलाला हे कोणी दाखवलं नसेल. संडे स्कूलमध्ये आपण नोहाचं तारू रंगवून घेतो, दाविदाची गोफण शिकवतो आणि तेराव्या वर्षी थांबतो. माझ्या मते मालिकेपेक्षा मोठी चूक तिथे आहे, आणि ती आपल्या सगळ्यांची आहे.

तुमच्या पाळकसाहेबांशी वाद घालू नका. त्यांची कळकळ खरी आहे. पण दानीएलाचा पहिला अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा. तो कोवळ्या वयाचा मुलगा बाबेलमध्ये नेला गेला. तिथली भाषा शिकला, खास्द्यांची, म्हणजे तिथल्या पंडितांची विद्या शिकला, बेल्टशस्सर हे परकं नावही त्याला पडलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र त्याने नाकारलं. काय शिकायचं आणि काय तोंडात घालायचं नाही, ही रेघ त्याने स्वतः ओढली. "दानीएलाने आपल्या मनात निश्चय केला" असं तिथे लिहिलंय. निश्चय त्याच्या मनात झाला, कोणी बाहेरून लादला नाही. पौलाने अथेन्सला तेच केलं. मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा जीव तळमळला, पण अरीयपगावर, तिथल्या सभेच्या टेकडीवर, उभा राहिल्यावर त्याने त्यांच्याच कवींची ओळ घेतली, "आपण त्याचा वंश आहोत," आणि तिथून पुढे चालत गेला. त्याला ती ओळ ठाऊक होती म्हणजे त्याने ती कधीतरी वाचली किंवा ऐकली होती.

आपल्या पुण्याची एक गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १८९० साली गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली होती, त्यात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. पुढे चहा-बिस्किटं आली. त्या चहावरून सनातनी पुणं असं पेटलं की प्रकरण थेट प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मिशनच्या पेल्याने धर्म बुडतो ही ती भीती होती. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट सांगतो तेव्हा आपल्याला ती भीती दुसऱ्यांची वाटते. पण आईवडील माझ्यासमोर येऊन म्हणतात, "मॅडम, त्या कार्टूनमुळे बिघडला," तेव्हा मला तोच पेला दिसतो. मार्क ७ मध्ये प्रभूने सांगितलंय की बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही, जे अंतःकरणातून निघतं ते विटाळवतं. याचा अर्थ डोळ्यांपुढे काहीही येऊ द्यावं असा नाही, कारण डोळा शरीराचा दिवा आहे हेही त्यानेच सांगितलं. पण आपलं लक्ष मुलाच्या अंतःकरणावर हवं. नुसतं पडद्यावर पहारा ठेवून ते कळत नाही.

मग बंदी कशावर? मी काही गोष्टींवर सरळ बंदी घालते आणि त्यात मला संकोच वाटत नाही. तुमच्या मुलाच्या मालिकेतल्या देवापेक्षा मला तिच्यातल्या शय्येच्या दृश्यांची आणि सहज येणाऱ्या शरीरसंबंधांची जास्त काळजी आहे. चौदाव्या वर्षी ते मनात घर करतं, आणि त्याबद्दल तो तुम्हाला जेवताना विचारणार नाही. २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवरच्या प्रत्येक मालिकेला वयोगट दाखवावा लागतो: यू, मग यूए ७+, १३+, १६+ आणि शेवटी ए. १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप द्यावं लागतं. चित्रपटगृहांतल्या सिनेमांनाही २०२४ पासून यूएचे असेच तीन टप्पे आलेत. मालिकेवर काय लिहिलंय ते आधी बघा. १६+ किंवा ए असेल तर "ही तुझ्या वयाची नाही, दोन वर्षांनी बघ" हे कारण पुरेसं आहे, प्रामाणिक आहे आणि त्याला पटण्यासारखंही आहे. 'देवाची निंदा' हे कारण पुढे केलंत तर तो प्रश्नालाच बंदी समजेल. खातं उघडून मुलांचे प्रोफाईल वेगळे करा, मोठ्यांच्या प्रोफाईलला पिन लावा, आणि पिन लावलाय हे मुलांना सांगून लावा. चोरून लावू नका, चोरून त्यांचा इतिहासही तपासू नका. रात्री दहानंतर सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आईबाबांचे सुद्धा. या एका नियमाने मी जेवढी घरं शांत झालेली पाहिली तेवढी दुसऱ्या कशानेही नाही.

या चाळण्या अश्लीलता, हिंसा, शिव्या ओळखतात. विश्वासाला धक्का देणारं काही असेल तर त्याची पाटी कुठेही नसते. ते काम कुलपाने होणार नाही.

विशेषतः इतिहासाचा आव आणणाऱ्या गोष्टींचं. माझ्या थोरलीच्या पुस्तकाच्याच वर्षी 'द दा विंची कोड' हा सिनेमा आला. आमच्या मंडळीत निषेधाचं पत्रक निघालं, पण मुलांच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. प्रश्न साधा होता. ज्या कादंबरीवर तो सिनेमा होता तिच्यातलं एक पात्र सांगतं की निकीयाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, मतदान होऊन येशूला देव ठरवण्यात आलं, तोवर तो माणूसच मानला जायचा. आजही हेच वाक्य रीलमधून फिरत असतं, मुलं ते मला दाखवतात. निकीयाची परिषद ३२५ साली झाली, हे खरं. पण तिथे वाद होता तो पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की देवाने निर्मिलेला सगळ्यात पहिला आणि श्रेष्ठ जीव आहे, यावर. येशू साधा माणूस होता असं एरियसही, म्हणजे पुत्राला निर्मिलेला जीव म्हणणाऱ्या बाजूचा पुढारीही, म्हणत नव्हता. शेवटी सही नाकारणारे बिशप दोनच होते, असं जुन्या नोंदी सांगतात. त्याच्या दोनशे वर्षं आधी, सुमारे ११२ साली, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजानला कळवलं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. प्लिनी आपला नव्हता, तो आपल्या लोकांना शिक्षा देत होता. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं ख्रिस्ताच्या नम्रतेचं गीत त्याहीपेक्षा अर्धं शतक जुनं आहे. हे सांगायला अर्धा तास लागतो. ज्या मुलाला तो अर्धा तास मिळतो तो पुढच्या वेळी कुठल्याही रीलला विचारतो, "हे कुठे लिहिलंय?" आपल्याला त्याच्याकडून एवढंच हवंय. सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते बळकट धरा, असं पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंच होतं.

आता ज्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या मुलाने नक्की पाहिलं असेल, त्याबद्दल. मराठी ख्रिस्ती मुलाला सैतानाच्या मालिकेपेक्षा खोल जखम करतात ते विनोद. हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं ख्रिस्ती माणूस म्हणजे दारूची बाटली, मोडकं हिंदी, तोकडा फ्रॉक आणि गळ्यात क्रॉस. आणि आता मोबाईलवर 'राईस बॅग', म्हणजे तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदललेले. आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी त्याच्या फोटोखाली तांदळाच्या पोत्याचं चित्र टाकलं होतं. त्याने घरी सांगितलं नव्हतं. त्याने मला विचारलं, "मॅडम, आपण खरंच तसे आहोत का?"

या प्रश्नाला देवशास्त्राने उत्तर देता येत नाही. घराची गोष्ट सांगावी लागते. मी त्याच्या आजीला बोलावलं. ती नगर जिल्ह्यातली. तिने सांगितलं की तिच्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, आणि मिशनच्या शाळेत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या हातात पाटी दिली, शेजारी बसवलं. दुष्काळात धान्यही मिळालं, ती हेही लपवून बोलली नाही. "भुकेल्याला भाकर दिली, यात देणाऱ्याची काय चूक आणि घेणाऱ्याची काय लाज?" त्या पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलंय. तुमच्या सासूबाई रडतायत म्हणता. त्यांना रडू देऊ नका, सांगायला बसवा. तुमचं घराणं या विश्वासात कसं आलं, कोणी काय सोसलं, ते त्यांच्याच तोंडून मुलाला ऐकू द्या. ही मालिका त्याने कुठल्याच ॲपवर पाहिलेली नाही.

आणि कोणाला काय मिळालं याचा हिशेब करायचा तर तोही करून दाखवा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार मोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतःच्या बुद्धीने. पंडिता रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हटलं होतं. त्या बाईंनी पुढे केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुली, विधवा आणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. एका रविवारी दुपारी पुण्याहून दौंडच्या गाडीने मुलांना केडगावला घेऊन जा. प्रवचन नको, नुसतं दाखवा.

यातूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट निघते. आपण मुलांच्या हातातून काढून घेतो, पण त्या जागी ठेवत काहीच नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासमोर हाच पेच आला होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं वाचायची बंद केली गेली होती. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच तो प्रसंग आहे. लोक म्हणतात, तुम्ही आमची पुराणं मना केलीत, मग त्या तोलाचं दुसरं काही आम्हाला का देत नाही? स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेला माणूस. त्याने उत्तर म्हणून मराठीत हजारो ओव्या लिहिल्या, १६१६ साली छापल्या, आणि मराठीचं कौतुक करताना तिला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा दिली. पहिली मराठी कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजींनी लिहिली, तेही ख्रिस्ती झालेले. त्यांनी विधवांचं दुःख सांगायला कल्पित गोष्टच निवडली. आपल्या लोकांना गोष्टीची भीती नव्हती. आपण गोष्टी सांगायचं थांबलो, आणि मग दुसऱ्यांच्या गोष्टींना घाबरायला लागलो.

म्हणून घरात काहीतरी ठेवा. पण बळेच आणलेले गोडमिट्ट 'ख्रिस्ती सिनेमे' मी सांगणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला वाईट अभिनय लगेच कळतो, आणि विश्वासाची गोष्ट म्हणजे कंटाळवाणी गोष्ट हा धडा तो त्यातून घेतो. ना. वा. टिळकांचे अभंग पेटीवर म्हणा. तो गिटार वाजवत असेल तर त्याला चाल बसवायला सांगा. बायबलमधलं 'शास्ते' हे पुस्तक त्याला अख्खं वाचू द्या, त्यातली माणसं त्याच्या मालिकेतल्या कोणाहीपेक्षा गुंतागुंतीची आहेत. आणि घरात सगळ्यांनी मिळून चांगले सिनेमे बघा, त्यांत देवाचं नावही नसलं तरी चालेल. एखाद्या पात्राने दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घातला, एखाद्याने माफ केलं, एखाद्याला माफी मागता आली नाही, की गप्पांत म्हणा, "हे आपण कुठे वाचलंय रे?" सगळ्या संध्याकाळी जमणार नाही. महिन्यातून दोनदा जमलं तरी चालेल. अनुवाद ६ मध्येही आज्ञा अशीच आहे, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वर्गात बसवून, असं तिथे म्हटलेलं नाही.

धाकटीचं वेगळं. तिला प्रश्न पडलेला नाही, भीती बसली आहे, आणि भीतीशी वाद घालून ती जात नाही. "काही नसतं तसं" म्हणू नका, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून दुष्ट आत्मे घालवण्याची मोठ्या आवाजातली प्रार्थनाही करू नका. त्याने तिला वाटेल की खरंच काही घरात शिरलंय. दोनतीन आठवडे तिच्याजवळ झोपा, दिवा बारीक ठेवा, आणि रोज चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी हळू आवाजात म्हणा, स्वस्थपणे झोपी जाण्याची. दिवसाउजेडी तिला दाखवा की सिनेमात तसा चेहरा रंगवायला किती तास लागतात, डोळ्यांत काचा कशा घालतात. दहा वर्षांच्या मुलीला हे छान समजतं. आणि तिला खऱ्या सिस्टरांकडे न्या. पुण्यात सिस्टर चालवतात अशा शाळा आहेत, दवाखाने आहेत, म्हाताऱ्यांची घरं आहेत. एका सिस्टरच्या हातचं खोबऱ्याचं बिस्कीट खाल्लं की पडद्यावरची फिकी पडते, हे मी तीन मुलींच्या बाबतीत पाहिलंय. महिन्याभराने भीती तशीच राहिली, शाळेत जेवेनाशी झाली, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात अविश्वास नाही.

यजमानांशी तुम्ही मुलांच्या माघारी बोला. इफिसकरांस पत्रात बापांना जे सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका, ते त्यांना वाचून दाखवू नका. त्यांना तो टोमणा वाटेल. नुसतं विचारा की चौदाव्या वर्षी त्यांना देवाबद्दल काय वाटायचं, आणि ते कोणाला सांगता आलं का. मला वाटतं, ताट सोडून उठलेल्या माणसाकडे त्याचं काहीतरी उत्तर असतं. वायफाय पुन्हा सुरू करायचं तर त्यांनीच करावं, मुलाला स्वतः सांगून: "त्या रात्री मी उठून गेलो, ते चुकलं. मला उत्तर सुचलं नाही." मालिकेतल्या बापाने हेच कधी केलं नाही, म्हणून तर मुलाला ती मालिका खरी वाटली.

संडे स्कूलला ओढून आणू नका. वय झालंय त्याचं. त्याला मोठ्यांच्या उपासनेला तुमच्या शेजारी बसू द्या, आणि आमच्यासारख्या कोणाकडे, मंडळीतल्या एखाद्या वाचणाऱ्या दादाकडे, आठवड्यातून एकदा तासभर बसायला द्या, जिथे तो काहीही विचारू शकेल. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," असं आपल्या मुलासाठी रडणाऱ्या एका बापाने येशूला म्हटलं होतं, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही.

मालिकेचा वयोगट १३+ च्या आत असेल, तर या शनिवारी रात्री त्याच्याबरोबर एक भाग बघा. वरचा असेल तर शेंगा सोलत बसा आणि त्याला म्हणा, "मला त्याची सगळी गोष्ट सांग, पहिल्यापासून." मग मला लिहा. त्याने दुसरा प्रश्न कोणता विचारला, ते मला कळायला हवंय.